भयऱ्याचा रेडिओ

बहिऱ्याला रेडिओ कशाला हवा, हा प्रश्न मला आयुष्यात इतक्या जणांनी विचारला की त्याचं उत्तर देणं मी फार पूर्वीच सोडून दिलं. आता अंगात जोर राहिलेला नाही, विचारणारे बहुतेक सगळे पुढे गेले, आणि माझ्याजवळ वेळ मात्र भरपूर आहे. तेव्हा एकदाचं सांगूनच टाकतो. कोणाला पटावं म्हणून सांगत नाही. पटलं नाही तरी माझं काही अडत नाही.

आमचं गाव अकोटाजवळ, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते तिथं. जमीन काळी, उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या की शेळीच्या पिल्लाचा पाय अडकावा. घरात आबा, म्हणजे माझे वडील, माय, थोरला भाऊ पुंडलिक, ज्याला आम्ही दादा म्हणायचो, मग सुमनताई, आणि शेंडेफळ मी, वसंता. शाळेत जायला लागलो तेव्हापासून माझे कान वाहायचे. मायनं लसणाचं तेल घातलं, कडुलिंबाच्या पाल्याची धुरी दिली, आबांनी कुठल्या कुठल्या देवाला नेलं, अमरावतीच्या एका डॉक्टरनं पिचकारी मारून पाहिली. आधी डावा कान गेला, मग उजवा. एकदम गेले असते तर निदान कळलं तरी असतं. ते हळूहळू गेले. आधी चिमण्या गेल्या. मग मायच्या बांगड्या. मग भाकरी थापण्याचा आवाज गेला. आमच्या घरातला तोच खरा आवाज होता. ज्वारीची भाकर परातीत थपथप फिरायला लागली की ओसरीवर बसल्या बसल्या माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. पुढे चुलीपाशी जाऊन पाहिल्याशिवाय जेवणवेळ झाली हे कळेनासं झालं. अकोटच्या कापसाच्या जिनचा भोंगा तेवढा बरेच दिवस टिकला, तोही वारा आमच्याकडचा असला तर.

पूर्ण बहिरा मी कधीच नव्हतो. कानाशी येऊन जोरानं बोललं तर मला समजायचं. पण जोरानं बोलणं हे कंटाळ्याचं काम आहे. पहिले काही महिने सगळे ओरडून बोलले, मग खुणांवर आले. जेवायला ये म्हणजे बोटं तोंडाशी, बैल सोड म्हणजे मनगटाला हिसका. आणि घरात पाहुणा असला की खुणाही बंद, कारण ओरडलं किंवा हातवारे केले तर पाहुण्याला कळणार की पोरात खोट आहे. आबा तर चारचौघांत माझ्याकडे पाहायचेच नाहीत. ते दुष्ट नव्हते. रात्री माझ्या कानात तेल घालायला ते स्वतः उठायचे हे मी विसरलेलो नाही. पण लाज ही फार मोठी गोष्ट होती त्या घरात, देवघराएवढी. शाळेत मास्तरांनी सांगितलं की पोरगं मठ्ठ आहे, याला ढोरांमागे लावा. आबांनी ते ऐकलं. मी ढोरांमागे बसून हाती लागेल ते वाचत राहिलो आणि मास्तरांना मनातल्या मनात शिव्या घालत राहिलो. दोन्हींचा मला पुढे उपयोग झाला.

एकटी ताई काही बदलली नाही. ती माझ्याशी पहिल्यासारखीच बोलायची, फक्त चार घरं पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. त्यामुळे तिचा आवाजच मोठा झाला. विहिरीवर बोलली तरी रस्त्यावर ऐकू यायचं. माय तिला सारखी टोकायची की पोरीच्या जातीनं आवाज खाली ठेवावा, असल्या आवाजाची सून कोण करणार. ताई म्हणायची, मंग नका देऊ. बहिरे लोक मोठ्यानं बोलतात असा एक समज आहे. आमच्या घरी उलटं होतं. माझा आवाज मला स्वतःला डोक्यात घुमून मोठा वाटायचा, म्हणून मी फार हळू बोलायचो. समोरच्यालाच कान पुढे करावा लागायचा.

मी मिसरूड फुटायच्या वयात आलो तेव्हा दादानं माल वाहायची एक छोटी मोटारगाडी आणली. लढाईच्या वेळची, लष्करानं मोडीत काढलेली, पुढे तिघा-चौघांना बसायची जागा आणि मागे उघडा हौदा. गाव तिला ‘मिल्ट्री’ म्हणायचं. अचलपूरकडची संत्री, आमचा आणि शेजाऱ्यांचा कापूस, भाजीपाला, जे मिळेल ते भरून आम्ही अकोल्याला न्यायचो, कधी मूर्तिजापूरवरून अमरावतीला. दादा चालवायचा, मालाची चढ-उतार मी बघायचो. त्या गाडीच्या पुढच्या भागात असा काही गोंगाट असे की बोलायची सोय नाही. इंजिन गुडघ्याशी धडधडायचं, पत्रे खडखडायचे, खालच्या भोकातून धूळ आणि रस्त्याचा आवाज दोन्ही वर यायचे. जो कोणी बसेल त्याला ओरडूनच बोलावं लागायचं. आणि गंमत अशी, की तो गोंगाट मला कमी ऐकू यायचा आणि ओरडणं नीट पोचायचं. धडधाकट कानांचे लोक ‘काय? काय?’ करायचे आणि मी त्यांना सांगायचो, तो काय म्हणाला ते. साऱ्या वऱ्हाडात मी कोणाच्या बरोबरीनं बसू शकत असेन तर ती तेवढीच एक जागा होती. दादाशी माझी खरी ओळख तिथंच झाली. तो किती चावट आहे, त्याला मूर्तिजापूरच्या चहावाल्याची नक्कल किती सुरेख येते, हे मला गाडी घेतल्यावर कळलं. मायनं बांधून दिलेली भाकर, जवसाची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आम्ही चालत्या गाडीतच खायचो. उभ्या गाडीत खाल्लं तर बोलणं बंद पडायचं.

मग दादानं अकोल्यातल्या एका मोडक्या मोटारीतून काढलेला रेडिओ आणून समोरच्या पत्र्याखाली बसवला. त्याचा स्पीकर चहाच्या बशीएवढा. गाडी चालू असली की दादालाही ऐकू यायचा नाही, म्हणून तो गाडी थांबली की लावायचा. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट पाहायची, मग नागपूर केंद्र लागायचं. लागायचं म्हणजे त्याला. मला फक्त स्टिअरिंगवर ताल धरणारी त्याची बोटं दिसायची, आणि तेवढा वेळ आम्ही पुन्हा दोन वेगळ्या गावांत जायचो. मला त्या रेडिओचा राग होता.

एकदा मूर्तिजापूरजवळ फाटक लागलं होतं. छोट्या रुळावरची शकुंतला आगगाडी यायची होती, आणि ती येते येते म्हणत कधीच वेळेवर यायची नाही. दादा इंजिन बंद करून पाणी प्यायला उतरला होता, रेडिओ चालूच होता. माझ्या मांडीवरून चटणीची डबी खाली पडली. ती उचलायला मी वाकलो, डबी सीटखाली गेली म्हणून आणखी वाकलो, आणि माझं कपाळ त्या समोरच्या पत्र्याला टेकलं. तेव्हा माझ्या डोक्यात एक बाई गात होती.

मी डोकं उचललं. बाई गेली. पुन्हा टेकलं. बाई तिथंच होती, आणि तिच्यामागे पेटी होती, तबला होता, आणि शब्द होते. प्रत्येक शब्द वेगळा, स्वच्छ. इतक्या वर्षांत मला जे काही पोचलं होतं ते ओरडून, रागावून, अर्धंमुर्धं पोचलं होतं. कोणी हळू आवाजात काही सांगितलेलं मला आठवतच नव्हतं. दादा परत आला तेव्हा मी पत्र्याला कपाळ टेकून रडत होतो. त्याला वाटलं चक्कर आली. मी म्हटलं, गाणं संपेपर्यंत हात लावू नको. शकुंतला आली, गेली, फाटक उघडलं, मागच्या गाड्या भोंगे देऊ लागल्या. दादा तसाच थांबला.

आता डॉक्टर सांगतात की माझी आतली नस चांगली होती, बाहेरचा रस्ता तेवढा बंद होता, आणि हाडातून आवाज आत जातो. तेव्हा हे सांगणारं कोणी नव्हतं. मला एवढंच कळलं की सगळे समजतात तेवढी खोट माझ्यात नाही, आणि हे मला आजवर कोणी सांगितलं नाही. मला आनंद झाला असं लोकांना वाटतं. मला खरं म्हणजे संताप आला.

चालत्या गाडीत पत्र्याला डोकं टेकलं तर गाण्याबरोबर इंजिनही डोक्यात शिरायचं आणि कपाळाला टेंगूळ यायचं. तेव्हा मी ठरवलं की स्पीकर मोठा हवा, लाकडावर हवा, आणि मागे, डोकं जिथं टेकतं तिथं हवा. दादा मला अकोल्याच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला. मालकानं माझ्याकडे पाहिलंच नाही. दादाचं सगळं ऐकून घेतलं, काहीतरी बोलला, आणि दुकानातले सगळे हसले. दादा हसला नाही. गाडीत बसल्यावर मी त्याच्या मागेच लागलो, तेव्हा त्यानं ओरडून सांगितलं: “तो म्हणे, भयऱ्याले रेडिओ देण्यापरीस आंधळ्याले आरसा घेऊन दे.”

मी विचारलं, त्याच्याकडे मोठा स्पीकर होता का. दादा म्हणाला, होता, पण देत नाही म्हणे. मी म्हटलं, मग दुसरीकडे चल.

गावोगाव तंबू ठोकून सिनेमा दाखवणारा एक माणूस अकोल्यात पावसाळ्यापुरता यायचा. त्याच्या सामानात एक जेवणाच्या ताटाएवढा स्पीकर फाटका पडला होता. तो आम्ही आणला. फाटलेला कागद मी कणकेच्या खळीनं आणि पतंगाच्या कागदानं सांधला. तीन वेळा उकलला, चौथ्या वेळी धरला. गावातल्या सुतारानं सागाच्या फळ्यांची सीटमागे बसेल अशी उभी पेटी करून दिली. ती नुसती बसवली तेव्हा आवाज रिकाम्या पिंपातल्यासारखा घुमायला लागला. तो घुमण्याचा त्रास दादापेक्षा मलाच जास्त. सगळं डोकंच पिंप व्हायचं. मग मी आत थोडा थोडा कापूस भरत गेलो, आमच्याच घरचा, सरकी काढलेला, आणि घुमणं विरत गेलं. पेटीला इंजिनची थरथर पोचू नये म्हणून जुन्या ट्यूबचे रबरी तुकडे कापून तिच्याखाली आणि बाजूला घातले. तरी इंजिन चालू केलं की रेडिओत टरटर यायची, हाडात टाचणी टोचल्यासारखी. ती कुठून येते हे शोधण्यात सगळा श्रावण गेला. शेवटी ट्रकची वायरिंग करणाऱ्या एका मिस्त्रीनं डायनामोला कंडेन्सर लावायला सांगितला, आणि मी रेडिओची वायर इंजिनापासून लांबून, सरळ बॅटरीवरून घेतली. टरटर गेली असं नाही. पण गाण्याच्या मागे जाऊन बसली.

आबा रोज ओसरीवरून पाहायचे. एक दिवस कापसाची मूठ माझ्या हातात पाहून ते मायला म्हणाले की लोकांचा कापूस बाजारात जातो, आमचा रेडिओत जातो. ताईनं ते मला जसंच्या तसं ओरडून सांगितलं, आबांसमोरच. माझं हसू आबांनी पाहिलं आणि ते आत गेले.

पहिल्यांदा भरल्या गाडीनिशी निघालो तेव्हा मी मागे फळीला कानामागचं हाड टेकून बसलो. गाडी पूर्ण वेगात होती आणि रेडिओवर एक माणूस ज्वारीवरच्या किडीबद्दल माहिती सांगत होता. ज्वारीवरची कीड मी इतक्या भक्तीनं पुन्हा कधी ऐकली नाही. अकोल्यात गेल्यावर दादानं गाडी मुद्दाम त्या दुकानापुढे उभी केली आणि दोन्ही दारं उघडून टाकली. रस्त्यावरचे लोक थांबले. मालक बाहेर आला, पेटीवर हात ठेवून पाहिला, आणि दादाला विचारू लागला की हे कोणी केलं, आत काय भरलं. दादानं माझ्याकडे बोट दाखवलं. “त्याले विचारा,” तो म्हणाला, “पण जोरानं.” मालकानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्याच हिवाळ्यात ताईला पाहायला अमरावतीची मंडळी येणार असं ठरलं. मुलगा मनोहर, शाळेत शिक्षक. त्यांची शेती दर्यापूरकडे, घर अमरावतीत. वडील नव्हते, त्यामुळे कारभार थोरल्या काकांचा. घर सारवलं गेलं, मायनं पुरणाचा घाट घातला. ताईला बजावलं गेलं की विचारलं तेवढंच बोलायचं आणि हळू बोलायचं. आणि मला आबांनी खूण केली: शेताकडे बोट, मग सूर्य मावळतो तिकडे. म्हणजे संध्याकाळपर्यंत तिकडेच राहा. मी निघालोसुद्धा होतो. अशा खुणा मी वर्षानुवर्षं पाळल्या होत्या. पण गावाबाहेरच्या निंबाच्या झाडापर्यंत गेलो आणि माझे पाय थांबले. ज्या घरात मला कोणी हाक मारत नाही त्या घरातून मी एवढ्या निमूटपणे का निघालो, हे मला कळेना. मी परत फिरलो. मागच्या दारानं नाही, पुढच्या.

पाहुणे सतरंजीवर बसले होते, ताई मान खाली घालून समोर होती. माझ्या धोतराला ग्रीसचे डाग होते. मी नमस्कार केला आणि दादाच्या शेजारी बसलो. आबांचा चेहरा राखेसारखा झाला. काकांनी मला काहीतरी विचारलं. त्यांच्या मिशा मोठ्या होत्या, ओठ दिसत नव्हते. सगळे माझ्याकडे पाहू लागले, मग एकमेकांकडे. दादा उत्तर द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात मी माझ्या हळू आवाजात म्हणालो, “मले आयकू येत नाही. जोरानं बोला. नाहीतर गाडीत चला, तिथं बोलू.”

काका हसले, ते चांगलं हसू नव्हतं. मनोहर मात्र उठून उभा राहिला आणि पायात चपला घालू लागला.

आम्ही तिघं गाडीत बसलो, मी मधे. दादानं अकोटच्या रस्त्याला गाडी घातली. आधी मनोहर हळू बोलत होता. मग त्याला कळलं की इथं हळू बोलण्यात अर्थ नाही, आणि तो वर्गात बोलावं तसं बोलू लागला. तो आवाज चांगला होता, खर्जातला, माझ्यापर्यंत सरळ येणारा. त्यानं पेटी कशी केली ते विचारलं, मी सांगितलं. या खेपेला माझं हळू बोलणं त्याला ऐकू येईना आणि तो माझ्या तोंडाशी कान आणू लागला. मग त्यानं विचारलं, “तुमच्या बहिणीचा आवाज नेहमी एवढा हळू असतो का?”

“नाही,” मी म्हटलं. “आज दाबून ठेवला. तिचा आवाज माह्या पायी मोठा झाला. तुमाले चालत नसन तर आताच सांगा.”

त्यानं नजर रस्त्याकडे वळवली. मग ओरडून म्हणाला की त्याची आई शेवटची काही वर्षं ऐकू येईना म्हणून घरात एका कोपऱ्यात बसून असायची, आणि घरातल्या कोणी तिच्याशी मोठ्यानं बोललं नाही. त्यानंही नाही. दादानं गाडीचा वेग कमी केला. परत येईपर्यंत आम्ही रेडिओ लावला होता.

चार दिवसांनी मध्यस्थ आला. मुलगी पसंत होती. पण काकांची एक अट होती. लग्नात नवरीचा धाकटा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, तो कानपिळीचा मान मला द्यायचा नाही. चुलत्याचा मुलगा उभा करा, व्यंगाचा माणूस मंगल कार्यात पुढे नको. आबा म्हणाले, हो. ते इतक्या पटकन हो म्हणाले की मध्यस्थालाही नवल वाटलं, असं नंतर माय सांगायची. मायचं तरी काय, तिलाही पोर उजवायची होती.

ताई चुलीपाशी होती, आंबाडीची भाजी निवडत. तिनं ते ऐकलं, भाजी खाली ठेवली, आणि पदर न सावरता ओसरीवर आली. मी अंगणात होतो. ती जे बोलली ते मला ऐकू आलं, म्हणजे सगळ्या गल्लीला आलंच.

“माहा भाऊ कान पिळन, नाहीतर मी बोहल्यावर चढत नाही.”

आबा म्हणाले, हे मला नंतर कळलं, की स्थळ मोडेल. ताई म्हणाली, मोडू द्या. आबा म्हणाले, हळू बोल, लोक ऐकतात. तेव्हा ती आणखी जोरानं म्हणाली, “आयकू द्या. याच्याशी सारे जोरानं बोलले असते तर मले एकटीले ओरडा लागलं नसतं.” मग आत जाऊन ती पुन्हा भाजी निवडायला बसली. मध्यस्थ चहा न पिता गेला.

पुढचे दिवस वाईट होते. बायका विहिरीवर ताईला पाहून गप्प व्हायच्या. आबा जेवायचे नाहीत. मी एकदा ताईला म्हटलं की राहू दे, मला काही त्या मानाचं अप्रूप नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते पुन्हा कधी बोललो नाही. खरं म्हणजे मला होतं. खूप होतं.

आणि एक दिवस आम्ही फाट्यावर संत्री भरत असताना अमरावतीकडून आलेल्या एस.टी.तून मनोहर उतरला. एकटा. लग्न ठरायच्या आधी मुलानं असं एकटं येणं तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, आजूबाजूला माल घेऊन आलेले लोक होते, चहाचं दुकान होतं. तो सरळ माझ्यासमोर आला आणि ज्या आवाजात गाडीत बोलला होता त्याच आवाजात, भर रस्त्यात बोलला.

“वसंतराव, कान माझा आहे. तो कोणी पिळायचा हे काका नाही ठरवणार.”

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी वसंतराव म्हटलं होतं, आणि तेही सगळा फाटा ऐकत असताना. चहावाल्याचा हात तसाच राहिला. दादानं मनोहरला गाडीत घातलं आणि घरी नेलं. तो आबांशी काय बोलला ते मला कळलं नाही, कारण ते दोघं हळू बोलले. पण माय उठून पिठलं टाकायला गेली, आणि त्या दिवशी आबा जेवले.

लग्न आमच्या दारात झालं. काका आले होते, येणं भागच होतं. खांबाला टेकून ते असे बसले होते की जणू दुसऱ्या कोणाच्या लग्नाला आलेत. कानपिळीची वेळ आली तेव्हा मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या पिंपापाशी होतो. भटजींनी हाक मारली असेल, दोघातिघांनी मारली असेल; मला काहीच कळलं नाही. मला दिसलं ते एवढंच की माणसं माझ्याकडे वळून पाहताहेत, आणि काकांच्या मिशांखाली तेच जुनं हसू आहे. आणि मग आबा उठले. भरल्या मांडवात, नव्या पागोट्यानिशी, दोन्ही हात तोंडाशी धरून ते ओरडले, “वसंता! इकडे ये. तुहा मान आहे.”

मी गेलो. मनोहरनं मान माझ्याकडे केली. रीत म्हणून नुसता हात लावायचा असतो, हे मला माहीत होतं. मी असा पिळला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मांडव हसला, तो हसला, मीही हसलो. काका पाणी मागत होते.

पाठवणीची गाडी म्हणून आमची मिल्ट्रीच होती. मागच्या हौद्यात वऱ्हाडी आणि सामान. पुढे दादा, मी, ताई आणि खिडकीशी मनोहर, दाटीवाटीनं. बायकांनी ताईला सांगितलं होतं की वेस ओलांडेपर्यंत रडायचं. ती रडली नाही. मायच्या गळ्यात पडली, आबांच्या पाया पडली, आणि कोरड्या डोळ्यांनी येऊन बसली. मायनं दादाला बजावलं होतं की नवरी निघते तेव्हा गाणी वाजवू नको, लोक काय म्हणतील. वेशीपाशी म्हाताऱ्या उभ्या होत्या. ताईनं मेंदीचा हात पुढे केला आणि रेडिओचं बटण स्वतः फिरवलं.

तो तापेपर्यंत वेस मागे पडली. अंजनगावच्या अलीकडे रस्ता सरळ होतो, दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी उभी होती. मी सवयीनं मागे फळीला डोकं टेकून डोळे मिटले. कोणीतरी हलवलं म्हणून उघडले. ताई माझ्याकडे पाहत होती. तिनं मुंडावळ्या बाजूला केल्या, पदर मागे सारला, माझ्यासारखंच डोकं फळीला टेकलं. थोडा वेळ तशीच बसली. मग तिच्या काय मनात आलं कोण जाणे, तिनं दोन्ही कानांत दोन्ही बोटं घातली, घट्ट.

मी तिचा चेहरा पाहत होतो. आधी काहीच नाही. मग तिचे डोळे मोठे झाले, आणि वेशीवर न आलेलं पाणी आता आलं. ती तशीच, कानांत बोटं घालून, किती तरी वेळ बसून राहिली. मनोहरनं काही विचारलं, तिनं मान हलवून त्याला गप्प केलं. मग ती माझ्या बाजूला वळली आणि ओरडायचं विसरून, अगदी हळू, ओठ मला दिसतील असं म्हणाली, “वसंता, तू असं आयकतं?”

मी म्हटलं, “हाव.”

ती पुन्हा मागे टेकली आणि तिनं बोटं कानांत घातली. अमरावती यायला अजून बराच वेळ होता.